आयर्लंडचं ऊन

मला गाडी लागते. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा बोलून दाखवलं असेल, कारण बोलायची वेळ येते तेव्हा तोंड उघडणं धोक्याचं असतं. आगगाडीत मी मजेत असते. ऑटोत काही होत नाही. स्कूटर तर नोकरीभर मी स्वतःच चालवली. पण कार किंवा एसटी, आणि पुढे वळणांचा रस्ता, एवढं जुळून आलं की माझं पोट माझं राहत नाही. आधी तोंडाला पाणी सुटतं, मग कानामागे गार घाम येतो, मग जो कोणी बोलत असेल त्याचा राग यायला लागतो. राग आला की समजायचं, आता फार वेळ उरलेला नाही.

उपाय सगळे करून झाले. लिंबू हुंगलं, संत्र्याची साल हुंगली, आवळासुपारी चघळली, ओवा खाल्ला. कोणीतरी सांगितलं म्हणून एकदा साडीच्या आतून पोटाला वर्तमानपत्र गुंडाळून बसले. त्याने एवढंच झालं की मी हलले की करकरत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे संशयाने बघत होती. गोळी घेतली तर उलटी थांबते, पण मग मुक्कामाला पोचल्यावर मला धरून उतरवावं लागतं आणि पुढचा अख्खा दिवस मी कोणाशी काय बोलले ते दुसऱ्यांना विचारावं लागतं.

नागपुरात सक्करदऱ्याच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते. दरवर्षी सहलीची बस ठरली की मी सगळ्यांच्या आधी हात वर करायचे. "तुम्ही सगळे जा, मी थांबते, पेपर तपासायचे राहिलेत." निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की बाईंनी स्वतःची हौसमौज बाजूला ठेवून शाळेला वाहून घेतलं. मी मान खाली घालून ऐकत राहिले. लोकांना तो विनय वाटला.

आणि नवरा मिळाला तो रस्ते करणारा. हे बांधकाम खात्यात होते. भंडाऱ्यापासून चंद्रपूरपर्यंत कुठला रस्ता कोणत्या साली खचला ते यांना तोंडपाठ. लग्नानंतर आम्ही एसटीने चिखलदऱ्याला गेलो होतो. लोक तिथल्या दऱ्यांचं, धुक्याचं वर्णन करतात. मला खिडकीखालचा पत्रा आठवतो. परत येताना हे काही बोलले नाहीत आणि मीही नाही. नवीन लग्न होतं, दोघांनाही लाज वाटत होती.

काही वर्षांनी आम्ही एक जुनी गाडी घेतली आणि तेव्हापासून घरात एक नियमच होऊन बसला. कुठेही जायचं तर पहाटे. कोंबडा झोपलेला, दूधवाला आलेला नाही, आणि हे माझ्या उशाशी उभे. "उठ वं. निघा लागते. ऊन चढायच्या आत पोचा लागते." मे महिन्यात ठीक आहे, नागपूरच्या मे महिन्यात शहाणा माणूस दुपारी दारसुद्धा उघडत नाही. पण हे डिसेंबरातही तेच म्हणायचे. मी शालीत तोंड खुपसून विचारायचे, "थंडीत कुठलं आलं ऊन?" तर म्हणायचे, "नागपूरचं ऊन आहे, त्याचा का भरोसा?" आमच्याकडे दूध नासलं तरी उन्हाने, लग्नाला उशीर झाला तरी उन्हाने आणि कोणी कोणावर खेकसलं तरी उन्हानेच. त्यामुळे मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. हा माणूस हट्टी आहे, एवढीच मी नोंद घेतली आणि चिडचिड करत उठत राहिले.

निघताना खायला काही द्यायचे नाहीत. चहासुद्धा "पुढं घेऊ". आणि पुढे म्हणजे कुठे, तर मोरीपाशी. रस्त्याखालून पाणी जायला जो बुटका पूल बांधतात ती मोरी. यांना भारी वेड मोऱ्यांचं. जरा गाडी पुढे गेली की थांबली. हे उतरणार, कठड्यावर हात ठेवून खाली वाकून बघणार, बुटाने डांबराची कड ठोकून बघणार, "कोनं केलं हे काम?" असं स्वतःशीच म्हणणार, आणि मला हाक मारणार, "तू बी उतर, पाय मोकळे कर." माझं माहेर कुहीचं. नागपूरहून कुही काही लांब नाही, पण तेवढ्या रस्त्यावर आम्ही इतक्या वेळा थांबायचो की पायी गेलो असतो तर बरं, असं वाटायचं. धानाच्या बांधावरून गार वारा यायचा, मी पदर लपेटून उभी राहायचे आणि पुटपुटायचे. बाकीच्या बायका नवऱ्याबरोबर देवळं बघतात, आपल्या नशिबी मोऱ्या. तरीही आम्ही इतक्या सकाळी पोचायचो की वहिनीच्या हातात अजून अंगण झाडायचा खराटा असायचा. "रातभर चालत होते का तुमी?" असं ती दर खेपेला विचारायची.

मागच्या सीटवर आमची एकुलती एक लेक असायची, फ्रॉकवर स्वेटर, केस विस्कटलेले, अर्धी झोपेत.

ती पुढे नर्स झाली. पहिली नोकरी लागली मेळघाटात, घाटातल्या एका गावी. तिथे ती तापाने आजारी पडली म्हणून कळलं. हे तेव्हा दौऱ्यावर होते. मी एकटीच एसटीत बसले. ज्या दवाखान्यात ती काम करत होती त्याच दवाखान्यात ती झोपली होती. मी तिच्या खाटेपर्यंत पोचले आणि तिच्या कपाळावर हात ठेवायच्या ऐवजी खाली बसले ती उठेचना. अंगात पाणीच राहिलं नव्हतं. तापातली पोर उठली आणि तिने मला सलाईन लावलं. "आई, तू मले पाहाले आली का ॲडमिट व्हाले?" असं म्हणून ती हसली. मीही हसले. पण ती तिथे होती तोवर मी पुन्हा गेले नाही, आणि तिनेही पुन्हा ये म्हटलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटायचं. अजूनही वाटतं.

आता ती आयर्लंडला असते. तिथल्या एका दवाखान्यात काम करते, भाड्याच्या घरात एकटी राहते, आणि रोज फोनवर सांगते की पाऊस पडतो आहे. यांचा पहिला प्रश्नच तो असतो. "काय म्हणते तुमचा पाऊस?" "पडून राहिला, बाबा." एवढं झालं की मग बाकीच्या गोष्टी. तिने कितीदा बोलावलं, कधी यांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, कधी माझ्या भावाकडचं लग्न. यंदा मात्र ती निकरावर आली. "मी सुट्ट्या जमवून ठेवल्या. गाडी घेतली आहे. मे महिन्यात या, नागपूर तापून राहतेच तेव्हा. मी तुम्हाले अख्खं बेट फिरवते, गाडीनं."

गाडीनं. तिच्या तोंडून हा शब्द आला आणि मी देवघराकडे बघितलं.

यांना मात्र नवीन नोकरी लागल्यासारखं झालं. नकाशा टीव्हीवर कसा लावायचा ते शिकून घेतलं. पडद्याची एक जुनी काठी माळ्यावरून काढली आणि ती घेऊन टीव्हीसमोर उभे राहायला लागले. त्या नकाशात रस्त्यावर उतरून पुढे पुढे जाताही येतं, आपणच गाडीत बसलोय असं दिसतं. आयर्लंडमध्येही गाड्या डावीकडूनच चालतात हे कळल्यावर यांनी त्या देशाला मनापासून पसंती दिली. रस्ते बघितल्यावर मात्र यांचं डोकं फिरलं. समुद्राकाठचे रस्ते एवढेसे, दोन्ही बाजूंना दगडी कुसू नाहीतर झुडपांच्या भिंती, आणि काही ठिकाणी तर रस्त्याच्या मधोमध गवत. हे काठीने ते गवत दाखवायचे आणि टीव्हीतल्या कोणा अदृश्य इंजिनिअरला म्हणायचे, "काय काम केलं गा तुमी हे?" पण प्रेमात पडले होते. जन्मभर रस्ते केले ते दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी. आता दुसऱ्या कोणी केलेल्या रस्त्यावरून नुसतं बसून जायचं होतं. आणि जायचं तर पूर्ण चक्कर मारून. "प्रदक्षिणा पुरी करा लागते," हे म्हणायचे. "अर्ध्यातून वापस येत नाहीत."

मी सोफ्यावर बसून बघत होते. टीव्हीतला रस्ता डावीकडे वळला, मग उजवीकडे, मग खाली उतरला, पुन्हा डावीकडे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. स्वतःच्या घरात, सक्करदऱ्यात, सोफ्यावर बसून मला आयर्लंडची गाडी लागली. कुकरचं निमित्त करून मी उठले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले.

रविवारी, आमची दुपार आणि तिची सकाळ असताना, यांनी लेकीला आपला बेत सांगितला. कागदावर काही नव्हतं, सगळं डोक्यात.

"पहाटे निघाचं," हे म्हणाले. "अकराच्या आत मुक्कामाले पोचाचं. दुपारी बाहेर निघाचं नाही. संध्याकाळी गावात पायी पायी."

"दुपारी काहून नाही, बाबा?"

"ऊन राहते."

 मग ती अशी हसायला लागली की फोनमध्ये तिच्या चेहऱ्याऐवजी छतच दिसायला लागलं. हसू आवरल्यावर तिने फोन खिडकीकडे फिरवला. बाहेर राखाडी आभाळ, भिजलेलं हिरवंगार गवत, काचेवरून ओघळणारं पाणी. "हे पाहा तुमचं ऊन!"

यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मे मध्ये पडन," म्हणाले. "अन् मधात मधात पूल पाहू. दगडाचे जुने पूल आहेत तिथं."

"बाबा, लोक इथं समुद्र पाहाले येतात."

"समुद्र पुलाखालीच येते ना?"

मग तिने तिचा बेत सांगितला. हॉटेलात पोटभर नाश्ता, आरामात निघायचं, दिवसभर फिरत फिरत संध्याकाळी पुढच्या गावी. "दुपारीच तर मजा राहते, बाबा. तुम्ही दुपारी दार लावून बसणार आयर्लंडात?" बापलेक हसत भांडत होते आणि मी मनात तो दिवसभराचा प्रवास करत होते. भरल्या पोटी. वळणावळणाने. दिवसामागून दिवस. तिने वर्षभर जमवलेली सुट्टी, आणि मी मागच्या सीटवर पिशवी धरून बसलेली. मेळघाट निदान एकाच दिवसाचा होता.

पुढच्या रविवारी मी सांगून टाकलं. "तुम्ही दोघं फिरा. मी तुझ्या घरी राहते. पोळ्याभाज्या करून ठेवीन. माझे गुडघे आजकाल फार दुखतात."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. आणि ती नर्स आहे. तिने काही विचारलं नाही.  एवढंच म्हणाली, "सुट्टी मी तुह्यासाठी जमवली वं, आई." आणि मग, "जाऊ दे. मग नकोच फिरणं. घरीच राहू तिघं."

यांनी टीव्ही बंद केला. काठी माळ्यावर गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी बातम्या लागायला लागल्या आणि हे त्या अशा बघत बसायचे की जगाचं काही झालं तरी यांना काही सोयरसुतक नाही. मला वाटलं होतं, नाही म्हणून टाकलं की सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. घरात मला कोणी एका शब्दाने बोललं नाही आणि तेच जास्त लागत होतं. एकदा तर मीच चिडून म्हटलं, "लावा ना तुमचा आयर्लंड, मी का नाही म्हटलं?" तर म्हणाले, "राहू दे. पाहून झालं."

होळी झाली, हवा तापायला लागली. एका दुपारी जेवणं आटोपून मी भांडी आवरत होते तर तिचा फोन. ही तिची रात्रपाळी संपायची वेळ.

"बाबा जवळ आहेत का?"

"नाही, गच्चीवर कुलर धुऊन राहिले."

"बरं झालं. आई, गुडघ्याचं काही नाही. गाडीचं आहे ना?"

खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. "हाव," म्हटलं.

"मले बी लागते."

मला आधी कळेचना. "तुला?" मी विचारलं. ती म्हणाली, "हाव. तुह्यासारखीच. लहानपणापासून. म्हणून तर इथं आल्या आल्या गाडी शिकली. चालवणाऱ्याले लागत नाही. बाजूले बसली की मेली. तुले सांगितलं असतं तर तू म्हणली असती, माह्यामुळं पोरीले लागलं."

म्हटलंच असतं. त्या क्षणीही माझ्या तोंडावर तेच आलं होतं, पण तिने मला बोलू दिलं नाही.

"आता ऐक. बाबा मले रोज काय विचारतात? पाऊस काय म्हणते. मी रोज सांगते, पडून राहिला. त्यांले पक्कं माहीत आहे इथं ऊन नाही. मग ऊन काहून म्हणले?"

"सवय त्यांची. दुसरं काय?"

"कायची सवय? डिसेंबरात बी ऊनच म्हणत होते. मी इतके दिवस कामावरून येताना यावरच विचार करत होती, आई. आपण पहाटे काहून निघत होतो? उपाशी काहून निघत होतो? अन् त्या मोऱ्या?"

"मोऱ्यांचं वेडच आहे त्यांना."

"काही वेड नाही. मी मागं बसून पाहत राहायची ना. तू पदर तोंडाले लावला की पुढच्या मोरीपाशी गाडी थांबे. तू बोलत राहिली की एकाही मोरीपाशी गाडी थांबत नव्हती. भंडाऱ्यापाशी वैनगंगेचा एवढा मोठा पूल निघून जाये, बाबा मान बी वळवत नव्हते. उतरल्यावर बी ते मोरीकडे एकदा वाकत, मग तुह्याचकडे पाहत राहात. तू वाऱ्याले तोंड करून पुटपुटत राहायची."

मी ओट्याला टेकले. वरून गच्चीवरून घासण्याचा आवाज येत होता, पत्र्यावर ब्रशचा.  एवढी वर्षं झाली. थंडीच्या किती पहाटे मी या माणसाला मनात आणि मोठ्याने नाही नाही ते बोलले होते.

तिचं बोलणं चालूच होतं. मागच्या सुट्टीला तिने दवाखान्यातल्या एका मैत्रिणीला गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः बाजूला बसली. समुद्राकाठचा तिथला सगळ्यात जास्त वळणांचा रस्ता. पहाटे, उपाशी पोटी, आणि पूल आला की थांबायचं, उतरायचं, वाऱ्याला तोंड करून उभं राहायचं. "मैत्रिणीले वाटलं, मी पागल झाली. प्रत्येक पुलापाशी थांबव म्हणते अन् पुलाकडे तर पाहत बी नाही. पण आई, मले काहीच झालं नाही. याच रस्त्यावर दुपारी जेवून जाताना दोनदा उतरली होती मी. बाबाचा बेत बरोबर होता. ऊन तेवढं खोटं होतं."

मग ती भराभर कामाचं बोलायला लागली, तिच्या दवाखान्यात बोलते तशी. तिथे खोल्या दुपारी उशिरा ताब्यात मिळतात, तर अकराला पोचून बसणार कुठे? म्हणून एका ठिकाणी दोन-दोन रात्री राहायचं. सकाळी फिरून त्याच खोलीत परत यायचं आणि दुपारी दार लावून झोपायचं. नाश्ता डब्यात बांधून देतात, तो पोचल्यावर खायचा. पुढची सीट माझी, काच उघडी, पाऊस आला तर आला. "फक्त एक आहे. असं केलं तर अख्खं बेट होत नाही. अर्धंच होते, पश्चिमेचं. प्रदक्षिणा नाही व्हायची. थे बाबाले तू सांगजो."

फोन ठेवला आणि मला आधी राग आला. खरं सांगते, भरून वगैरे नंतर आलं. आधी राग. इतकी वर्षं मला हट्टी नवऱ्याची बायको म्हणून मिरवू दिलं! माहेरी जाऊन मी मोऱ्यांच्या नकला करत होते आणि सगळं घर हसत होतं, हेही हसत होते. मग हळूहळू कुठेतरी आत काहीतरी सैल व्हायला लागलं. मेळघाटापासून पोटात धरून ठेवलेलं. माझी गाडी लागणं ही आपली आपण लपवायची, इतरांच्या वाटेत न येऊ द्यायची गोष्ट आहे, असं मी धरून चालले होते. आणि इथे एक माणूस पहिल्यापासून ती धरूनच रस्ता आखत होता. मला फार, फार हलकं वाटलं. डोळे पुसले, पदर खोचला आणि गच्चीवर गेले.

हे बनियनवर, ऊन मानेवर घेत, कुलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवीन भरत होते. मी मागे जाऊन उभी राहिले.

"काय हो, डिसेंबरात ऊन लागत होतं का तुम्हाला?"

यांचे हात थांबले. मागे वळून बघितलं नाही. "काहून?"

"लेक विचारून राहिली."

हे गवत दाबत राहिले. मग म्हणाले, "तुले गाडी लागते म्हणून लवकर निघू असं म्हटलं असतं, तर तू आली असती?"

मी विचार केला. नसते आले. माझ्यापायी तुमच्या झोपेचं खोबरं कशाला, तुम्ही दोघं जा, मी थांबते, असंच म्हटलं असतं. शाळेत म्हणत होते तसं. मागच्या महिन्यात म्हटलं तसं.

"म्हणून ऊन," हे म्हणाले. "उन्हाले कोनी नाही म्हणत नाही."

"आणि मोऱ्या?"

"त्यातल्या काही खरंच खराब होत्या."

मला हसू फुटलं आणि रडूही. हे गडबडले, हाताला लागलेला गवताचा भुसा झटकत उभे राहिले, "काय झालं वं, ऊन लागलं का?" म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसायला लागले. मग मी लेकीचं सगळं सांगितलं. दोन-दोन रात्री, डब्यातला नाश्ता, पुढची सीट. शेवटी राहिलेलंही सांगितलं. "अख्खं होणार नाही. अर्धंच बेट होतं."

"अर्धंच?"

"पश्चिमेचं."

हे कुलरची जाळी बसवायला लागले. ती खाचेत जाईना, दोनदा काढून पुन्हा घातली. "बरंच झालं," म्हणाले. "पूर्वेकडं सगळा मोठा, सरळ रस्ता आहे. त्यात का पाहाचं?"

प्रदक्षिणा पुरी करा लागते म्हणणारा हाच माणूस. अर्ध्यातून वापस येत नाहीत म्हणणारा. मी यांच्या घामेजलेल्या पाठीकडे बघितलं आणि मला कळलं की हे सुद्धा ऊनच आहे. आता मला ओळखता यायला लागलं होतं. यावेळी मात्र मी तो सरळ रस्ता खरा मानला, मान हलवली, आणि दुसऱ्या बाजूने जाळी धरली. ती खाचेत बसली.

संध्याकाळी काठी माळ्यावरून खाली आली. लेकीला मी फोन करून कळवलं, येते म्हणून. तिने नाक ओढलं, आणि मग म्हणाली की पुढच्या सीटवरचं सामान आजच काढते. यांनी टीव्ही लावला आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरले. मी सोफ्यावर बसले, हातात संत्र्याची साल. रस्ता डावीकडे वळला. उजवीकडे वळला. झुडपांच्या भिंतींमधून खाली उतरला आणि पुन्हा डावीकडे. तोंडाला पाणी सुटलं. मी उठायला सोफ्याच्या हाताला धरलं, सवयीने कुकरकडे बघितलं, आणि तशीच पुन्हा खाली बसले.

"मला गाडी लागते आहे," मी मोठ्याने म्हटलं. "थांबवा."

यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. रस्ता आणखी थोडा पुढे नेला, एका जुन्या दगडी पुलापर्यंत, आणि तिथे थांबवला.